वळवाआधी सपार (छप्पर) कसं आवळावं: लाकडी मेढींवरच्या पत्र्याच्या घरासाठी

"पत्र्यावर चार दगड ठेव, काही होत नाही." सांगली जिल्ह्यात तासगावपासून जतपर्यंत हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता वाद घालत नाही, हिशेब मांडतो. वाऱ्याच्या भारासाठी इंजिनिअर आयएस 875 या भारतीय मानकाचा तिसरा भाग बघतात. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. या वेगाला चौरस मीटरमागे 90 किलोहून जास्त दाब होतो. दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्रा असतो बारा किलोच्या आसपास आणि त्याला वर ओढणारा जोर अडीचशे किलोपर्यंत जातो. दहा किलोचा दगड तिथं काय करणार? तो आधी घरंगळतो, आणि खाली कुणाची तरी बाज असते.

म्हणजे सपार दाबून ठेवायचं नसतं, जमिनीला बांधायचं असतं. पत्रा रिपेला (पत्र्याखालची आडवी पट्टी), रीप वाशाला (उताराचं लाकूड), वासा तुळईला (वाशांना पेलणारं आडवं लाकूड), तुळई मेढीला (उभा खांब) आणि मेढ जमिनीला. यातलं एक जरी सुटं राहिलं तर बाकीचं सगळं फुकट.

काम मार्चअखेर उरकायचं. एप्रिलात वळीव कधी येईल सांगता येत नाही, आणि दुपारी पत्र्याला हात लावणं तर सोडाच.

मेढी अडीच-तीन फूट खोल हव्यात. पुरण्याआधी बुडाला डांबर फासा आणि तळाशी एक आडवं लाकूड मोळ्यानं (मोठ्या खिळ्यानं) ठोका, म्हणजे मेढ मुळासारखी अडकते. काळ्या मातीत खड्डा मुरमानं किंवा काँक्रीटनंच भरा. उन्हाळ्यात ती माती भेगाळली की मेढ हलायला लागते. चारी कोपऱ्यांत दोन्ही अंगांनी तिरपे टेकू मारा. एवढं कुणीही करू शकतं.

घोळ होतो तो वासा आणि तुळई जिथं भेटतात तिथं. गावोगाव तिथं वरून तीन इंची मोळा ठोकलेला दिसतो. वासा जागेवर ठेवायला तो ठीक आहे, पण वारा वासा वर उचलतो तेव्हा पकडीनं खिळा उपटावा तसा मोळा सरळ वर येतो. ओल्या बाभळीत ठोकलेला तर वर्षभरात आपोआपच सैल पडतो. म्हणून मोळ्यावर तार हवीच.

दहा गेजची नवी जीआय (जस्ताचा थर दिलेली) तार घ्या, दुहेरी. त्याहून जाड आठ गेज हातानं नीट वळत नाही, लाकडाला चिकटून बसत नाही. आमच्याकडं मोडलेल्या द्राक्षबागेची तार घराघरात पडलेली असते आणि ती वापरायचा मोह होतो. मीही वापरलीय, म्हणून सांगतो, नका वापरू. गंजलेली असते, वर आधीच कुठं कुठं वाकलेली. पिळताना किंवा नंतर पहिल्याच वादळात तिथंच तुटते.

आधी वाशाच्या पाठीवर पाव इंच खाच पाडा, नाहीतर तार उताराकडं घसरते. तार त्या खाचेवरून आणून तुळईखालून कात्रीसारखी फिरवा, म्हणजे एका बाजूनं वाशाच्या पुढं आणि दुसऱ्या बाजूनं मागं. असे दोन वेढे. मग पीळ द्यायचा, तो बाजूला. वाशाच्या डोक्यावर पिळाची गाठ आली तर रीप नीट बसत नाही. पिळताना दोन्ही टोकं एकमेकांभोवती सारखी वळायला हवीत. एक टोक सरळ राहून दुसरंच त्याच्याभोवती गुंडाळलं गेलं तर ती गाठ दिसायला घट्ट, पण ओढ बसली की सरकते. पक्कड बाजूला ठेवा, जाड सळईचा तुकडा अडकवून पिळा. लाकूड 'कर्र' करेल तिथं थांबायचं. मी सुरुवातीला जोर दाखवायला आणखी दोन पीळ द्यायचो. वरचा जस्ताचा थर सोलून निघायचा आणि दोन पावसाळ्यांत तार गंजून हातात यायची.

हे सगळं शिकून मी आमच्या वस्तीवरचं घर बांधलं, आणि मे महिन्यात एका संध्याकाळी सगळं सपार शेजारच्या बागेत जाऊन पडलं. वासे, रिपा, पत्रे, तुळयांसकट. माझ्या तारेची एक गाठ सुटली नव्हती! तुळया मेढींच्या बेळक्यात (वरच्या दुफाट्यात) नुसत्या ठेवलेल्या होत्या. बेळक्यातून तुळई खाली पडत नाही म्हणून ती पक्की, असं मी धरून चाललो होतो. वर जायला तिला कोण अडवणार होतं? तेव्हा तशीच दुहेरी तार तुळईवरून घेऊन बेळक्याच्या खाली, मेढीला गिरमिटानं पाडलेल्या भोकातून ओवा. आढ्यालाही (सपाराच्या माथ्यावर) समोरासमोरचे वासे एकमेकांना बांधून घ्या.

घर आधीच उभं असेल तर पत्रे काढायची गरज नाही. रिपेमुळं वासा आणि पत्र्यात फट असते, तार तिथून जाते. फक्त खाच पाडता येत नाही, म्हणून तार सरकू नये यासाठी वाशाच्या बाजूंना एकेक खिळा अर्धवट ठोका.

पत्र्याला खिळे नकोत, वायसरसकट जे-हुक (इंग्रजी जे अक्षरासारखा वाकवलेला आकडा) लावा, भोक उंचवट्यावर. वळचणीला (भिंतीबाहेर आलेल्या खालच्या कडेला) आणि बाजूच्या कडेच्या पत्र्यांना हुक दुप्पट. वळचण दीड फुटापेक्षा पुढं काढू नका. पडवीचं सपार वेगळंच ठेवा, उडालं तर एकटं उडेल.

वादळात दारं-खिडक्या उघड्या ठेवा, वारा निघून जातो, असं सांगणारे बरेच भेटतील. वाऱ्याकडचं दार उघडं राहिलं की वारा आत शिरून पत्रा खालूनही ढकलतो. बंद ठेवा, आतून अडसर लावा. आभाळ फारच काळं झालं तर पोराबाळांना घेऊन शेजारच्या स्लॅबच्या घरात जा.

दहा बाय पंधराच्या खोलीला साधारण पाच किलो तार लागते. लाकूड सुकलं की गाठी ढिल्या पडतात. म्हणून दरवर्षी गुढी उतरवली की सळई घेऊन फिरायचं, प्रत्येक गाठीला अर्धा पीळ, आणि गंजलेली दिसली ती तार तोडून नवी.