मांजर कुठे आणि कसं झोपलंय, हे कसं ओळखावं

सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की आमची मनी मोरीजवळच्या शहाबादी फरशीवर चारी पाय ताणून पडते. डिसेंबरात तीच अंथरुणाच्या वळकटीत घुसते आणि शेपटाचं टोक तेवढं बाहेर ठेवते. बोका गबऱ्या फ्रिजवर. पाहुणे कौतुकानं फोटो काढतात, आम्हीही काढतो. पण मांजर दुखणं लपवतं, आणि ते आधी कळतं ते त्याच्या झोपण्याबसण्यावरून. म्हणून हे बघायची सवय लावून घ्या.

सुरुवात नोंदीपासून करा. आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर सकाळ, दुपार, रात्र एवढंच लिहा: जागा कुठली, झोपायची तऱ्हा कशी. मोठं मांजर दिवसातले 12 ते 16 तास झोपतं, त्यामुळे बघायला भरपूर मिळतं. ही नोंद म्हणजे तुमच्या मांजराची रीत. शेजारचं मांजर कसं झोपतं याच्याशी तिचा संबंध नाही.

मग हवेचा हिशेब घाला. नाक शेपटाखाली खुपसून केलेलं मुटकुळं ऊब धरून ठेवतं. अंग पसरलं की ती निघून जाते. आपल्याला घाम फुटतो अशा 30 अंशांतही मांजर मजेत असतं, म्हणून दुपारी उन्हाच्या कवडशात पडलं तर काळजी नको. उताणं पडून पोट दाखवणं हा विश्वास आहे. पोटाला हात लावायचं ते आमंत्रण नव्हे. पोरांना हे आधीच सांगून ठेवा.

खरी नजर ठेवायची ती पंजे पोटाखाली घेऊन बसण्यावर. सुखात बसलेल्या मांजराचे पंजे छातीखाली दुमडलेले, पाठ सैल, डोळे अर्धवट मिटलेले. दुखत असेल तर ते पंजे फरशीवर रोवून उकिडवं बसतं, पाठ कुबडासारखी वर, डोकं खांद्यांच्या खाली. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पट्टी मांडली. कान, डोळे, तोंडाची ठेवण, मिशा आणि डोकं या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे. मांजर जागं असतानाच बघायचं.

गेल्या पावसाळ्यात गबऱ्या फ्रिज सोडून जिन्याखाली असाच बसला. कान बाजूला वळलेले, मिशा ताठ. घुरघुरत होता, म्हणून मला वाटलं बरा आहे. दुखतानाही मांजर घुरघुरतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. मग तो वाळूच्या घमेल्यात पुन्हा पुन्हा जाऊन बसू लागला, आणि वाळू कोरडीच. लघवी तुंबली होती. बोक्याच्या बाबतीत हे एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. रात्र असली तरी थांबू नका. आम्ही वेळेत पोचलो, वाचला.

शंका आली तर श्वास मोजा. मांजर गाढ झोपलेलं असताना बरगड्यांकडे बघा. छाती वर जाऊन खाली आली की एक. 30 सेकंद मोजून दुप्पट करा. साधारण 15 ते 30 भरतात. झोपेत पुन्हा पुन्हा तिसाच्या वर जात असतील तर डॉक्टरांना फोन करा. बसल्या जागी तोंड उघडून धापा टाकत असेल किंवा भिंतीला डोकं टेकवून दाबत असेल, तर मोजत बसू नका, उचला आणि निघा. मांजर बसलेलं असतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ सोबत न्या. दवाखान्यात ते भीतीनं वेगळंच वागतं. घरातली पॅरासिटामॉल कदापि देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

म्हातारं मांजर उंच जागा सोडून जमिनीवर झोपायला लागलं तर ते शहाणं झालेलं नसतं, बहुतेक वेळा सांधे दुखत असतात. तपासून घ्याच, शिवाय त्याच्या आवडत्या खिडकीपर्यंत चढायला सोय करा. आम्ही खाली पाट, त्यावर जुनी लोखंडी पेटी ठेवली आणि पेटीवर गोधडीची घडी. मनी आता दोन उड्यांत वर जाते.

आणि थंडी-पावसात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. इंजिनाच्या उबेला आत कुणी झोपलेलं असू शकतं.