सुजलेल्या हाताला रगडायचं नसतं

कोल्हापुरात मालिश म्हटलं की आधी तालीम आठवते. आमच्या शिवाजी पेठेत हात सुजलेला दिसला की शेजारची मावशी सांगणारच, "तेल लावून चांगला रगड, उतरंल." स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सुजलेल्या हाताला हे अजिबात चालत नाही. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या किंवा तिथं रेडिएशन झालं की लसिकेची, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाची, वाट अडते आणि हात भरतो. तिच्या बारीक वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात. जोर लावला की त्या दबतात.

या हाताला लागते ती लसिका पुढं सरकवणारी अगदी हलकी मालिश. ती फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर बसून शिकून घ्या, मग घरी करा. माझा उजवा हात सुजतो, तसंच सांगते. तुमचा डावा असेल तर बाजू उलट करा.

तेल, पावडर काही नको. बोटं घसरली की कातडी ताणलीच जात नाही. बांगड्या, अंगठी काढून पडायचं, हाताखाली उशी. पोट फुगेल असे चार-पाच संथ श्वास घ्यायचे. मग हासळीच्या हाडावरच्या खळग्यात सपाट बोटं ठेवून कातडी हलकेच ताणायची आणि सोडायची, पाच-सात वेळा. सोडण्याची घाई नको. त्यानंतर डावी काख, म्हणजे चांगल्या बाजूची.

सुजलेल्या हाताला अजून आपण शिवलेलोही नाही, आणि घाई इथंच होते. पंचगंगेवरच्या खालच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले नाहीत, तर वरनं सोडलेलं पाणी जाणार कुठं?

आता छातीवरनं उजवीकडून डाव्या काखेकडं कातडी सरकवत न्यायची. मग उजवी जांघ, आणि उजव्या काखेखालनं कुशीवरनं जांघेकडं. हात सगळ्यात शेवटी, त्यातही आधी दंड: बाहेरच्या बाजूनं खांद्याकडं. मग कोपर, मनगट, पंजाची पाठ. दिशा कायम वरच. शेवटी पंजापासून परत खांद्यापर्यंत आणि छातीवरनं पलीकडं.

कातडी लाल झाली किंवा दुखलं तर जोर जास्त होतोय. माझी खूण म्हणजे मुठीची हाडं. सकाळी ती उठून दिसतात, सूज चढली की बुजतात आणि बांगडीचा वळ लवकर जात नाही.

हात लाल, गरम झाला, ताप आला तर मालिश बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. तो जंतुसंसर्ग असू शकतो. शिरेत रक्ताची गुठळी किंवा हृदय, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. थायरॉइड वाढलेला असेल तर मानेजवळचा भागही विचारूनच.

नुसत्या मालिशवर भागत नाही, स्लीव्ह (सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही) आणि व्यायाम लागतोच. चैत्राच्या उन्हात स्लीव्ह म्हणजे वैताग, पण पर्याय नाही. ती माप देऊनच घ्या. मनगटाशी किंवा काखेत रुतत असेल तर बदलून मागा. क्रीम रात्री लावा, सकाळी लावलं तर स्लीव्ह चढता चढत नाही.