या चुका टाळा: सुरीला सुरीचंच काम द्या

चांगली सुरी विकत घेणारे वाढलेत, छान आहे. पण नवी सुरी थोड्याच दिवसांत माझ्या ओट्यावर येते आणि मागून प्रश्न येतो, "हिला काय झालं बघा ना!" झालेलं दर वेळी तेच असतं.

पहिला मान गोठलेल्या मासळीचा. १ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारीबंदी, ट्रॉलर बंद, त्यामुळे फ्रीजरमधल्या मासळीवर दिवस काढायचे. अशाच एका पावसाळ्यात भाच्याने सांतोकू नावाची जपानी सुरी आणली. संध्याकाळी पाहुणे यायचे होते आणि विसवणीचा, म्हणजे सुरमईचा, तुकडा कडकडीत गोठलेला. याला कुठला धीर! तुकड्यावर सुरी ठेवली आणि पाठीवर बत्त्याने ठोकलं. पातं मध्येच अडकलं, तर ते सोडवायला डावी-उजवीकडे पिळलं. धारेला तीन खांडे पडले, एक चांगला तांदळाच्या दाण्याएवढा. वर मलाच सांगतो, "मावशी, माल खराब निघाला."

माल चांगलाच होता. बऱ्याच जपानी सुऱ्यांचं पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापात ६० च्या आसपास असतं, नेहमीच्या जर्मन सुरीचं ५६ ते ५८. कडक पोलादाला पातळ धार लावता येते आणि ती टिकतेही. पण आडवा जोर आला की मऊ पोलाद वाकतं, कडक पोलादाचा टवका उडतो. ठोकण्यापेक्षा पिळण्याने जास्त वाट लागली. मग ४०० ग्रिटच्या भरड दगडावर (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) अख्खी दुपार घासत बसले, तेव्हा खांडे गेले आणि पातंही अरुंद झालं.

मासळी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. मोठी विसवण बाजारातच कापून घ्या. बांगडे साफ करायला मी आजही विळीच घेते, पातं जागच्या जागी राहतं आणि मासळी धरायला दोन्ही हात मोकळे. नारळाला तर सुरी दाखवूसुद्धा नका. कोयत्याच्या पाठीने, नारळ हातात फिरवत, मधल्या रेषेवर ठोके द्यायचे. सुरी चिरण्यासाठी आणि कापण्यासाठी. तोडण्या-फोडण्याची हत्यारं आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या वेगळी आहेत, ती काही उगाच नाहीत.

दुसरं दुखणं धारेचं. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, कोयता खुशाल द्या, पातळ सुरी देऊ नका. कोरड्या चाकावर धार तापते. कडेला निळसर झाक दिसली तर तिथलं पोलाद ३०० अंशांच्या आसपास जाऊन आलंय, म्हणजे नरम पडलंय. मग ती धार चार दिवसांत बसते आणि लोक म्हणतात, सुरीच भिकार. खाचेतून ओढायची ती प्लास्टिकची यंत्रं धार ओरबाडतात, मला ती डोळ्यांसमोर नको. आणि संचाबरोबर मिळते त्या धारेच्या सळईने नवी धार लागत नाही, वाकलेली धार सरळ होते, तीही मऊ पोलादाची. जपानी सुरीला खाचांची सळई लावाल तर कड तुटेल.

नेहमीच्या धारेला मी १००० ग्रिटचा एकच दगड वापरते, खाली ओलं फडकं. ४५ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण १२ मिलिमीटर उचलली की १५ अंशांचा कोन होतो. एका बाजूने घासत राहायचं, उलट्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की पातं पालटायचं. भात शिजेपर्यंत काम होतं. व्हिडिओ बघून पहिल्याच दिवशी ६००० चा दगड मागवणाऱ्यांना मी काही सांगत नाही, आपोआप कळतं.

बाकी किरकोळ. काचेची फळी फेकून द्या, ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरू नका. चिरलेला कांदा गोळा करताना सुरीची पाठ वापरा, धार नव्हे. सिंकमध्ये सुरी टाकून जाणाऱ्याला त्या दिवशी भांडी घासायला लावा. पोईला, म्हणजे गोव्याच्या पावाला, दातेरी सुरी. बारा नगांचा संच घेऊ नका. २० सेंटिमीटरची एक, एक छोटी आणि ती दातेरी, संपलं.

कार्बन स्टीलची हौस असेल तर लिंबू, कोकम कापल्यावर लगेच धुवा, पुसा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती रात्रभर ओली राहिली तर सकाळी तांबूस डाग ठरलेलेच. पुसून खोबरेलाचा नुसता हात फिरवायचा, लाकडी मुठीलाही.

फणसाला यातली एकही लावू नका. कोयता घ्या, पात्याला आणि हाताला तेल, खाली जुनं वर्तमानपत्र. चीक पात्यावर बसलाच तर आधी तेलाने पुसा, साबण त्यानंतर.