संशोधनाचा डेटा खुला करताना या चुका टाळा

पेपरच्या शेवटी 'डेटा मागणी केल्यास उपलब्ध' एवढं लिहून मोकळं होऊ नका. ईमेल बंद पडतात, पीएचडी संपली की विद्यार्थी निघून जातात, हार्ड डिस्क दगा देते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2 ते 22 वर्षं जुन्या 516 पेपरांचा डेटा मागून पाहिला होता. पेपर जितका जुना, तितकी डेटा हाती लागण्याची शक्यता कमी. गूगल ड्राइव्हची लिंकही फार काळ टिकेल याचा भरवसा नाही. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो या ऑनलाइन साठ्यात डेटा मोफत ठेवता येतो आणि कायमचा डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा ओळख-क्रमांक, मिळतो.

सगळ्यात जास्त घोळ एक्सेलमध्ये होतो. 'एसईपीटी2' हे जनुकाचं नाव टाइप केलं की एक्सेल त्याची 2 सप्टेंबर ही तारीख करून टाकतं. 2016 साली झालेल्या एका पडताळणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असल्या चुका सापडल्या. शेवटी 2020 मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली! तेव्हा सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडू नका. इम्पोर्ट करा आणि असे रकाने 'टेक्स्ट' ठेवा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, साफसफाई तिच्या प्रतीवर करायची.

मराठीत गोळा केलेल्या डेटाचं दुखणं वेगळं. गावांची नावं कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती वाचताच येत नाहीत. आधी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणा. त्यानंतरही सीएसव्ही उघडल्यावर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली, तर घाबरू नका, फाइल बहुधा शाबूत असते. फक्त त्या अवस्थेत सेव्ह करू नका. एक्सेलच्या डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि '65001: युनिकोड (यूटीएफ-8)' निवडा.

पावसाच्या रकान्यात 0 म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामी जागा म्हणजे नोंद झाली नाही. आणि -99? ते तुम्हालाच माहीत. अशा आकड्यांचा अर्थ, एकक, संक्षेप, तारखेची पद्धत हे सगळं रीडमी फाइलमध्ये, म्हणजे डेटासोबतच्या माहितीपत्रकात, लिहा. 03/04/2021 ऐवजी 2021-04-03 लिहिलं की वादच उरत नाही.

परवाना विसरू नका. तो नसेल तर डेटा दिसतो, पण वापरायची परवानगी आहे की नाही हे कळत नाही. सीसी-झिरो (वापरावर काही अट नाही) किंवा सीसी-बाय (वापरताना श्रेय द्यावं लागतं) निवडा.

एका बाबतीत मात्र हात आखडताच हवा. आरोग्य सर्वेक्षणातून नुसती नावं काढून भागत नाही: छोट्या गावात वय, जात, व्यवसाय एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. वयाचे गट करा, गावाऐवजी तालुका द्या आणि डेटा खुला करण्याची संमती सर्वेक्षणाच्या वेळीच घ्या. दुर्मीळ वनस्पतींचे अचूक अक्षांश-रेखांशही देऊ नका, चोर तेही वाचतात.

डेटा टाकल्यावर आकड्यांत चूक सापडली, तर झेनोडोवर नवी आवृत्ती चढवा आणि काय बदललं ते लिहा. जुनी आवृत्ती राहू द्या, कुणीतरी तिचा संदर्भ दिलेला असू शकतो.