काखेला तुरटी, आणि सोड्याने घडवलेली अद्दल

डोंबिवलीहून लोकलने जाणाऱ्या बाईला घामाच्या वासाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. वरची कडी धरली की आपली काख बरोबर शेजारणीच्या नाकासमोर. मी वर्षानुवर्षं डिओडरंटचे फवारेच मारत होते. मग त्यांच्या वासाने सकाळी सकाळी शिंकांची माळ लागायला लागली, म्हणून सोडले. कॅन्सरच्या भीतीने नाही. ते व्हॉट्सॲपवरचे मेसेज मलाही येतात, पण त्यांना ठोस आधार नाही.

एक आधीच सांगते. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतले जिवाणू त्या घामावर ताव मारतात, वास त्यातून येतो. घाम कमी करायचं काम अँटीपर्स्पिरंटचं. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडं तात्पुरती बुजवतात. मी सांगतेय त्या घरगुती उपायांनी वास आटोक्यात येईल, ब्लाऊज मात्र भिजणारच. ते चालणार नसेल तर पुढे वाचू नका.

माझं पहिलं मत तुरटीला. बाबांच्या दाढीच्या डब्यात एक खडा असायचा, झिजून झिजून लिंबाच्या फोडीएवढा झालेला. किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीवाल्याकडे अख्खा खडा मागा, पूड नको. नव्या खड्याच्या कडा धारदार असतात, काखेत ओरखडे उठतात. म्हणून आधी तो ओला करून मोरीच्या खरखरीत फरशीवर घासायचा आणि कडा गुळगुळीत करून घ्यायच्या. आंघोळ झाली की काख ओली असतानाच खडा सात-आठ वेळा फिरवा, अर्धा मिनिट हात वर ठेवा आणि वाळू द्या. पुसायचं नाही, धुवायचं नाही. कोरड्या काखेवर घासून काही उपयोग नाही. तुरटी पाण्यात विरघळली तरच कातडीवर तिचा थर बसतो. केस काढलेल्या दिवशी सुट्टी द्या, नाहीतर अशी झोंबते की देव आठवतो. खडा भोकं असलेल्या साबणदाणीत ठेवा, पाण्यात राहिला तर वितळून जातो. आणि हो, ॲल्युमिनियम नको म्हणून तुरटीकडे वळलेल्यांनी लक्षात घ्या, तुरटी हासुद्धा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. माझ्या जावेला हे सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता सोडा. मी खाण्याचा सोडा आणि खोबरेल तेल निम्मं निम्मं घेऊन मलम केलं आणि दोन्ही काखांना चोपडलं. तीन दिवस मस्त. चौथ्या दिवशी काख लालभडक, हात शरीराला टेकवता येईना; ऑफिसात पैलवानासारखी हात फाकवून वावरले. कारण साधं आहे. आपली कातडी किंचित आंबट स्वभावाची, सोडा पडला अल्कली. करायचंच असेल तर दोन चमचे आरारूट, दोन चमचे खोबरेल आणि सोडा फक्त पाव चमचा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. धुण्याचा सोडा चुकूनही घेऊ नका, तो फार जहाल. शिवाय उन्हाळ्यात हे मलम मलम राहतच नाही. खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे एप्रिलमध्ये डबीत नुसतं तेल आणि तळाला गाळ. ब्लाऊजच्या मुंढ्यावर तेलाचे डाग पडतात ते वेगळेच. मी हे आता फक्त डिसेंबर-जानेवारीत करते.

लिंबू चोळायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. लिंबाचा रस लावलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे काळे डाग उठू शकतात.

दिवाळीच्या उटण्यात असतो तो नागरमोथा आणि वाळा वेगळा आणून वस्त्रगाळ पूड करा, आरारूटमध्ये मिसळा आणि तुरटी वाळल्यावर चिमूटभर लावा. वास सुरेख येतो. पांढऱ्या कपड्यांवर मात्र नको.

एवढं करूनही वास येत असेल तर काखेला दोष देऊ नका, कपडा बघा. पॉलिस्टरच्या कुर्त्यात वास मुरून बसतो. धुतलेल्या कपड्याच्या मुंढ्यावर गरम इस्त्री फिरवा. जुना वास लगेच वर आला तर तो धुण्यात गेलेलाच नाही. अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून कपडा अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा आणि उलटा करून उन्हात वाळवा. वास अचानक बदलला किंवा काखेत गाठ, पुरळ, खाज आली तर हे सगळे उद्योग बंद करून डॉक्टरांकडे जायचं.

व्हिनेगरनेही वास हटला नाही तर त्या कपड्याचं पायपुसणं करा. माझे तीन कुर्ते मोरीच्या दाराशी पडलेत, त्यातला एक तर बहिणीने भाऊबीजेला दिलेला. तिला सांगितलेलं नाही.