सीमाभागात विषमतेचा अभ्यास सुरू करताना

अर्थशास्त्रात एमए झाल्यावर सरकारी योजना आणि विषमता यावर संशोधन करायचं असेल, तर बेळगावकडच्या मुलामुलींना विषयासाठी लांब जायला नको. निपाणीपलीकडे कागल, बेळगावपलीकडे चंदगड. बोली, सोयरिकी, पिकं बरीचशी सारखीच. सरकार तेवढं वेगळं, इकडे कर्नाटकाचं, तिकडे महाराष्ट्राचं. न्यू जर्सीत १९९२ साली किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली, तीही वाढीच्या आधीची आणि नंतरची. तशीच तुलना आपल्या सीमेच्या दोन बाजूंची करता येते.

आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकात, बाईच्या खात्यात पैसे देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. पलीकडची लाडकी बहीण, १,५०० रुपयांची, जुलै २०२४ ची. मधल्या काळात असा पैसा एकाच बाजूला येत होता. प्रबंधाचा जीव तिथेच आहे. योगायोगाने केंद्राच्या घरगुती खर्च पाहणीची एक फेरी जुलै २०२३ ला संपली, दुसरी ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ चालली. कुटुंबवार आकडे मोफत मिळतात. मात्र त्यावरून तालुक्याचा निष्कर्ष काढू नका, नमुना तेवढा मोठा नसतो. गावपातळीचं स्वतःच गोळा करावं लागतं. शिवाय आपल्याकडे महिलांचा मोफत बसप्रवास जून २०२३ लाच सुरू झाला होता, म्हणून सगळा फरक गृहलक्ष्मीच्या नावावर टाकता येत नाही.

खरी कसोटी प्रश्नावलीत लागते. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. रेशनकार्डं दोन असली तरी चूल एक असू शकते. गृहलक्ष्मी कार्डावरच्या कर्त्या बाईला मिळते, लाडकी बहीण २१ ते ६५ वयाच्या पात्र बाईला. म्हणजे पलीकडे एकाच घरात सासू आणि सून दोघींच्या खात्यात पैसे येऊ शकतात, आपल्याकडे बहुधा सासूच्याच. पैसे कोण काढतं, कशाला जातात, हे सुनेला एकटीला विचारा. सासू शेजारी बसली असेल तर सासूचंच उत्तर लिहून आणाल.

‘महिन्याचा खर्च किती?’ असं एकदम विचारू नका, आकडा हमखास कमी येतो. भाजी, तेल, अंडी-मटण गेल्या ७ दिवसांचं विचारा. धान्य, भाडं ३० दिवसांचं. कपडे, शाळेची फी, दवाखान्यात दाखल झाल्याचा खर्च ३६५ दिवसांचा. दोन्ही बाजूंची गावं एकाच पंधरवड्यात करा. एकीकडे गणपतीत आणि दुसरीकडे ऊसतोडीत गेलात तर हंगामातला फरक योजनेचा वाटेल.

गिनी गुणांक, म्हणजे विषमता मोजणारा आकडा, काढताना दरडोई खर्च घ्या आणि प्रत्येक घराला माणसांच्या संख्येइतकं वजन द्या. फुकट रेशनची किंमत धरून एकदा, न धरता एकदा, असे दोन्ही आकडे छापा.