इंग्रजीत सल्ला देताना ‘हॅड बेटर’ टाळावे

सल्ला देण्यापूर्वी ‘कॅन आय मेक अ सजेशन?’ असे विचारून घ्यावे. ‘अ‍ॅडव्हाइस’ या शब्दाचे अनेकवचन होत नाही आणि ‘सजेस्ट मी’ अशी रचना इंग्रजीत चालत नाही, एवढे ध्यानात ठेवले की तयारी झाली.

खरी अडचण क्रियापदाची आहे. मराठीत ‘धू’ आणि ‘धुवा’ यांतच आदर कळतो. इंग्रजीतील ‘यू’ लहानथोर सर्वांना एकच असल्यामुळे ती अदब सहायक क्रियापदातून आणावी लागते. वाक्याला ‘प्लीज’ जोडले की भागते, असे सांगणाऱ्यांचे मुळीच ऐकू नये; ‘प्लीज वॉश इट’ हा हुकूमच राहतो, फक्त इस्त्री केलेला.

‘हॅड बेटर’ म्हणजे ‘केलेले बरे’, असे मी शाळेत पाठ केले होते. पुढे सोलापुरात टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात पत्रव्यवहार माझ्याकडे आला. नव्या टेरी, म्हणजे उभ्या फाशांच्या विणीच्या, टॉवेलवर फिनिशिंगचा, म्हणजे मऊपणासाठी शेवटी लावलेल्या द्रव्याचा, अंश असतो आणि पहिल्या धुण्याआधी तो पाणी नीट टिपत नाही, म्हणून ‘नमुना आधी धुतलेला बरा’ या भल्या हेतूने मी परदेशी ग्राहकाला ‘यू हॅड बेटर वॉश द सॅम्पल फर्स्ट’ असे लिहिले. दोन शब्दांचे उत्तर आले: ‘ऑर व्हॉट?’ म्हणजे, नाहीतर काय कराल? ‘हॅड बेटर’च्या पोटात ‘नाहीतर परिणाम भोगा’ हा इशारा असतो. आईने मुलाला तसे म्हणावे, विक्रेत्याने ग्राहकाला नव्हे. तेथे ‘यू माइट वॉन्ट टू वॉश द सॅम्पल बिफोर टेस्टिंग इट’ असे लिहून पुढे कारण द्यायला हवे होते, कारण ‘माइट वॉन्ट टू’ निर्णय समोरच्याच्या हाती ठेवतो.

बरोबरीच्या माणसाशी ‘आय थिंक यू शुड’ पुरते. ‘मस्ट’ नेहमीच उद्धट, ही शिकवण मात्र अर्धवट आहे. पाहुण्याला ‘यू मस्ट ट्राय अवर शेंगा चटणी’ म्हटले तर तो आग्रह ठरतो, कारण त्यात सुख त्याचेच असते.

समोरून ‘आय विल थिंक अबाउट इट’ असे उत्तर आले, तर ते बहुधा आपले ‘बघू’ असते. त्यानंतर तोच सल्ला पुन्हा पाठवू नये.